हळद लागलेली वही

एफवायला प्रवेश मिळाला त्या संध्याकाळी मी अप्पा बळवंत चौकात जाऊन अर्थशास्त्राचं पुस्तक, २०० पानी वही आणि पाच रंगांचे हायलायटर घेऊन आलो. पुस्तक सेकंडहँड, हायलायटर नवेकोरे. माझा कल कुणीकडे होता ते इथेच ओळखायला हवं होतं.

बारावीपर्यंत सर उत्तर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. इथे मॅडम नुसत्या बोलत सुटायच्या. "नोट्स तुमच्या तुम्ही काढा." काय काढायचं ते कळेना, म्हणून मी सगळंच काढलं. 'पाऊस आत येतोय, खिडकी लावा' हेही माझ्या वहीत आहे. खाली रेघ मारून.

रूममेटला दया आली. त्याने कॉर्नेल पद्धत सांगितली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात बसवलेली. पानावर डावीकडे अडीच इंचांचा रकाना, तळाला दोन इंच सारांशासाठी, उरलेल्या जागेत तासाची टिपणं. नंतर डावीकडे प्रश्न लिहायचे आणि टिपणं झाकून उत्तरं द्यायची. सगळी गंमत त्या झाकण्यात आहे, असं तो म्हणाला. मी मात्र पट्टी शोधत होतो. अख्खा रविवार पानं आखण्यात गेला. पुढे डाव्या रकान्यात मेसचे खाडे आले आणि सारांशाच्या जागेत कुणाकडे चहाचे किती राहिलेत ते.

वाचन म्हणजे रंगकाम. घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम घ्या: पहिल्या वडापावाने जे समाधान मिळतं ते दुसऱ्याने मिळत नाही, चौथा तर समोर नकोसा होतो. हा नियम मी पिवळ्याने रंगवला, गृहीतकं गुलाबीने, अपवाद हिरव्याने. पहिली रंगीत ओळ डोळ्यात भरते, चाळिसावी शोधूनही सापडत नाही. म्हणजे नियम माझ्याच हातून सिद्ध होत होता आणि मी त्याला रंग देत होतो. दिवाळीपर्यंत वहीला नखशिखान्त हळद लागली. लग्नाचा पत्ता नव्हता.

आणि नवरीच पळाली. वर्गातला एकजण 'दोन दिवसांत देतो' म्हणून वही घेऊन गावी गेला. परीक्षा चार दिवसांवर, त्याचा फोन रेंजबाहेर.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडे तिची एक प्रत निघाली. माझ्याच नोट्स मी पानाला रुपया देऊन विकत घेतल्या. खोलीवर येऊन उघडतो तर काय! काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये पिवळा रंग उमटत नाही, पण हिरवा आणि गुलाबी चांगलेच काळवंडतात. जे जे महत्त्वाचं, ते ते डांबर. 'नियमाचे अपवाद' हे शब्द तेवढे स्वच्छ, खाली पाच काळे पट्टे.

मग काय, कुणाकुणाचं समाधान घटत नाही ते आठवत बसलो. कंजूष लगेच आठवला, पलीकडच्या खोलीत राहतो, टूथपेस्टची ट्यूब कापून आतून पुसून घेतो. व्यसनी, म्हणजे रात्री दोनला चहाला उठवणारे. सत्ता, आमचा मेस सेक्रेटरी. पैसा, त्याचाच भाऊ. पाचवा काही केल्या येईना. तासभर खोलीत फेऱ्या मारल्या, टेबलावरच्या पाच रंगांच्या पाकिटाकडे लक्ष गेलं आणि आठवलं: छंद. तिकिटं, नाणी, काहीही जमवणाऱ्याचं समाधान घटत नाही, वाढतंच. मी स्वतःच अपवाद होतो.

चार दिवस हेच केलं. पट्टा दिसला की थांबायचं, आठवायचं, अडलं तर रूममेटच्या पुस्तकात बघायचं. अभ्यासाच्या दहा पद्धती अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली तपासल्या होत्या, हे मला फार उशिरा कळलं. त्यात ओळी रंगवण्याला खालचा शेरा होता. स्वतःची परीक्षा घेणं आणि दिवसांचं अंतर ठेवून अभ्यास करणं, या दोनच गोष्टींना वरचा. अंतर ठेवायला माझ्याकडे दिवस नव्हते. परीक्षा मात्र झेरॉक्सनेच घेतली.

पेपरात अपवाद आले. पाचही लिहिले, तेही उदाहरणांसकट. टूथपेस्टचं तेवढं गाळलं.

दुसऱ्या सेमिस्टरची वही घेऊन मी आपण होऊन काकांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि कपाळाला हात लावला.

"अरे, सगळं हिरवं केलंयस. काळं येईल."

"येऊ द्या काका. दोन प्रती काढा."