खापरपणजीचा दोरा

गेल्या आठवड्यात भाचीला गोष्ट वाचून दाखवताना पार अडकले. ती नाशिकला, मी पुण्यात. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल लावायचा आणि एक प्रकरण वाचायचं, असा आमचा करार आहे. पुस्तक इंग्रजी आणि तेही १८७२ सालचं, ती ९ वर्षांची, त्यामुळे मी डोळ्यांनी इंग्रजी वाचते आणि तोंडाने मराठी सांगते. जॉर्ज मॅकडोनाल्डचं ‘द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन’.

त्यात आयरीन नावाची ८ वर्षांची राजकन्या आहे. डोंगरावरच्या मोठ्या घरात राहते, घराखाली खाणी, खाणींत गॉब्लिन म्हणजे जमिनीखाली राहणारे कुरूप, दुष्ट बुटके. एका पावसाळी दिवशी कंटाळून ती जिने चढत जाते, वाट चुकते, आणि अगदी वरच्या खोलीत तिला चरख्यावर सूत कातत बसलेली एक बाई भेटते. केस पांढरे, चेहरा मात्र म्हातारा नाही. ही तिची खापरपणजी. खालच्या घरात कुणाला तिचा पत्ताच नाही. ही आजी कोळ्याच्या जाळ्यापासून दोरा कातते आणि तो आयरीनच्या अंगठीला बांधते. दोरा इतका बारीक की दिसत नाही, बोटाला फक्त जाणवतो. भीती वाटली की अंगठी काढून उशीखाली ठेवायची, दोऱ्यावर बोट ठेवायचं आणि तो नेईल तिकडे जायचं. कितीही आडवाट वाटली तरी दोऱ्यावर शंका घ्यायची नाही, एवढीच अट. दुसरं टोक माझ्याच हातात असेल, म्हणते आजी.

मग एका पहाटे आयरीन घाबरून उठते आणि दोरा धरते. तिला वाटतं, हा आपल्याला जिन्याने वर आजीच्या उबदार खोलीत नेणार. दोरा तिला घराबाहेर काढतो. डोंगरावर, मग एका बिळात, मग अंधारात खोल खोल, आणि शेवटी दगडांच्या ढिगापाशी. दोरा ढिगाच्या आत गेलेला. आयरीन तिथेच अंग टाकून रडते. मग तिच्या मनात येतं, आल्या वाटेने परत जावं. पण बोट मागे न्यावं तर दोरा लागतच नाही. पुढे आहे, मागे नाहीसा. मग ती एकेक दगड उचलून बाजूला टाकायला लागते, बोटं रक्ताळेपर्यंत. ढिगापलीकडे कर्डी नावाचा खाणकामगाराचा पोरगा कोंडलेला असतो, हे तिला अजून ठाऊक नसतं.

इथे भाचीने विचारलं, “दोरा मागे का जात नाही?”

मी घसा साफ केला. “म्हणजे बघ, श्रद्धा जी असते ना...”

“आत्या, तात्पर्य नको सांगू. दोऱ्याचं सांग.”

तर ही पोस्ट त्या वाक्यामुळे आहे.

मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. संडे स्कूलला १० वर्षं गेले, नंतर ५ वर्षं शिकवलं. फ्लॅनेलच्या फळ्यावर मेंढपाळ चिकटवायचे, हरवलेलं मेंढरू चिकटवायचं आणि शेवटी विचारायचं, “मग मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?” शाळेतही तेच. ससा-कासवाची गोष्ट संपली की खाली ठळक अक्षरांत ‘तात्पर्य’. ससा विसरला तरी चालेल, तात्पर्याला २ मार्क. कल्पना म्हणजे कडू गोळीवरची साखर, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ‘ख्रिस्ती फँटसी’ म्हटल्यावर लोक गोळीच शोधायला लागतात. सिंह म्हणजे येशू ना? चेटकीण म्हणजे सैतान ना? झालं, कळलं, पुस्तक मिटा.

मॅकडोनाल्डला हे लोक भेटलेले होते. १८९३ साली परीकथांतल्या कल्पनाशक्तीवर त्याने एक निबंध लिहिला, त्यात असाच एक वाचक त्याला विचारतो की मुलाने गोष्टीचा अर्थ विचारला तर मी काय सांगू? मॅकडोनाल्डचं म्हणणं असं की चित्राखाली ‘हा घोडा आहे’ असं लिहावं लागत असेल, तर अर्थ कळला काय अन् न कळला काय, सारखंच. माणसाला विचार करायला काहीतरी हातात देण्यापेक्षा त्याच्या आत जे झोपलंय ते जागं करावं, असंही त्यात आहे.

आता हा माणूस कोण? १८२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या हंटली गावी जन्मला, इंग्लंडमध्ये अरुंडेल इथे पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, झाला. ज्यांच्यापर्यंत ख्रिस्त पोचलाच नाही त्यांनाही मरणानंतर देवाची दया मिळू शकेल, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. मंडळीतल्या कारभाऱ्यांनी पगार कापला. घरात बायको, पोर. थोडे दिवस तसेच काढले आणि १८५३ मध्ये राजीनामा दिला. उपदेशाचं व्यासपीठ गेलं म्हणून गोष्टी लिहायला लागला असं मी म्हणणार नाही, पण आपल्याला गोष्टी मिळाल्या हे खरं. त्याच्या जाडजूड कादंबऱ्यांत मात्र उपदेशाची सवय सुटलेली नाही. पानंच्या पानं प्रवचन. मी उलटते, तुम्हीही उलटा.

हा पगारकपातीचा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या घराची आठवण झाली. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले, त्यांची आई झाली नाही. ती शेवटपर्यंत पंढरीची वारी करत राहिली. संडे स्कूलमध्ये मी एकदा विचारलं होतं की तिचं काय होणार. उत्तर मिळालं ते इथे लिहीत नाही.

१८५८ मध्ये मॅकडोनाल्डने मोठ्यांसाठी ‘फँटॅस्टीज’ लिहिलं. नायक सकाळी जागा होतो, तर हातपाय धुवायच्या संगमरवरी कुंडातून पाणी ओसंडून गालिच्यावर ओढा वाहतोय. गालिच्यावर विणलेलं गवत वाऱ्याने हलतंय. टेबलावर कोरलेल्या वेलीची पानं खरी व्हायला लागलीत. तो कुठे जात नाही; त्याचीच खोली रान होते.

१९१६ साली सी. एस. लुईस नावाच्या १७ वर्षांच्या पोराने (पुढे सिंह-चेटकिणीच्या ‘नार्निया’ गोष्टी लिहिल्या तोच) लेदरहेड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर हे विकत घेतलं. पोरगा कट्टर नास्तिक. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की त्या रात्री माझ्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा झाला. बाकीच्या मला, म्हणतो, साहजिकच जास्त वेळ लागला. हा वेळ १५ वर्षांचा होता! आणि त्या रात्री त्याला काय मिळालं? सिद्धान्त नाही, पुरावा नाही. पुस्तकातला उजेड बाहेर येऊन रोजच्या साध्या वस्तूंवर पडायला लागला, असं तो सांगतो. भाकरी, कोळसा, असलं काहीही.

बाकीच्या लुईसचं काय झालं तेही ऐकण्यासारखं आहे. १९ सप्टेंबर १९३१ची रात्र, ऑक्सफर्डमध्ये मॉडलिन कॉलेजच्या ॲडिसन्स वॉकवर लुईस, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टोल्किन आणि त्यांचा मित्र ह्यूगो डायसन फिरतायत. विषय पुराणकथा. टोल्किनचा मुद्दा साधा होता. मरून पुन्हा उठणाऱ्या देवाची कथा जुन्या पुराणांत भेटली की तू हलतोस, मग शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चरित्रात, भेटली की लगेच वकील का होतोस? हीही तशीच कथा आहे, फक्त ही घडलेली आहे. बोलणं चालू असताना त्या निवांत, उबदार संध्याकाळी एकदम वारा सुटला आणि इतकी पानं गळाली की तिघांना वाटलं पाऊस आला. तिघेही श्वास रोखून उभे राहिले. टोल्किन घरी गेला तेव्हा पहाटेचे ३ वाजले होते.

मला यातली गंमत ही वाटते की अडलेला माणूस युक्तिवादाला कच्चा नव्हता, उलट त्यात पैलवान होता. त्याला अडवलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. लहानपणी धर्माच्या गोष्टी बोलताना सगळे आवाज खाली आणायचे, जणू कुणाच्या आजारपणाबद्दल बोलतायत, असं त्याने १९५६च्या एका लेखात लिहिलंय. ‘तुला असं वाटलंच पाहिजे’ म्हटलं की वाटणं गोठतं. मग त्या गोष्टी रंगीत काचा आणि संडे स्कूलमधून काढून कल्पनेच्या जगात नेल्या, तर दारावरच्या त्या जागत्या राक्षसांना, म्हणजे या सक्तीच्या भक्तिभावाला, चुकवून आत शिरता येईल का?

पण नार्निया काही असं ठरवून लिहिलेलं नाही. १६व्या वर्षापासून त्याच्या डोक्यात एक चित्र होतं. बर्फाळ रान, हातात छत्री नि पुडकी घेतलेला, बकऱ्याच्या पायांचा एक फॉन. चाळिशीच्या सुमाराला त्याने ठरवलं, बघू याची गोष्ट होते का. सिंह नंतर उड्या मारत आला आणि त्याने सगळं ओढून नेलं. म्हणून ‘हे रूपक आहे का’ असं विचारलं की लुईस नाही म्हणायचा. हे ‘समजा’ आहे, म्हणायचा. समजा, नार्नियासारखं एक जग असलं आणि देवाचा पुत्र तिथे सिंह होऊन आला, तर काय होईल? भातुकलीत आपण हेच म्हणायचो की. समज, ही चूल. समज, मी आई. तिथे कुणी तात्पर्य मागत नव्हतं.

माझ्यापुरतं एक पान सांगते. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’, १९५५. डिगरीची आई मरणाला टेकलेली. तो सिंहासमोर उभा आहे, काहीतरी बरं करणारं दे म्हणून मागतोय. आतापर्यंत तो फक्त त्याचे पंजे आणि नखं बघत होता. आता वर बघतो. सिंहाचा चेहरा खाली झुकलेला, आणि डोळ्यांत एवढी मोठी आसवं की आपल्या आईचं दुःख आपल्यापेक्षा यालाच जास्त झालंय की काय असं पोराला वाटतं. लुईसची आई १९०८ मध्ये कॅन्सरने गेली. तो ९ वर्षांचा होता, तिच्यासाठी प्रार्थना करून थकला होता. पुस्तकातली आई मात्र वाचते.

आमची आई आजारी होती तेव्हा एका प्रार्थनागटातले लोक घरी यायचे. आवाज खाली आणून बोलायचे. त्यातल्या एका काकांनी टेबलावरचं पुस्तक उचलून म्हटलं, “ताई, विश्वासणाऱ्या घरात ही जादूटोण्याची पुस्तकं बरी नव्हेत.” मी वाद घातला नाही. ते गेल्यावर हेच पान परत वाचलं. माझा भाऊ त्यानंतर उपासनेला यायचा बंद झाला तो आजतागायत.

सगळंच गोड नाही. नार्नियातले कॅलोरमेनी, पागोटीवाले, वाकड्या तलवारींचे, सावळे आणि बहुतेक दुष्ट, हे वाचताना मला आजही खुपतं. भाचीला ते भाग वाचेन तेव्हा थांबून बोलणार आहे. शेवटच्या पुस्तकात सुझन या बहिणीला ‘आता नार्नियाची मैत्रीण नाही’ म्हणून बाहेर ठेवलंय, तेही मला पटत नाही. टोल्किनला तर नार्नियाचा सगळा प्रकारच खिचडी वाटायचा. त्याची पद्धत उलट. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ घडतं त्या मिडल-अर्थ नावाच्या जगात चर्च नाही, प्रार्थनाही जवळजवळ नाही, पण त्यातली घातकी अंगठी नष्ट होते ती तारीख २५ मार्च, म्हणजे देवदूताने मरीयेला निरोप दिला तो दिवस, आणि जुन्या परंपरेत वधस्तंभाचाही. त्याने ती कुठे उगाळलेली नाही. ‘पलायनवादी साहित्य’ हा आपल्या समीक्षकांचा लाडका शेरा आहे ना, त्यालाही त्याने १९३९च्या सेंट अँड्र्यूजच्या व्याख्यानात उत्तर दिलंय. तुरुंगातल्या माणसाने घराचा विचार केला तर त्याला रणातून पळालेला म्हणू नका.

आणि हे सगळं परक्या मातीतलं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते मराठी ओव्यांत, आणि कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल आधी लागतो.

राजकन्येकडे परत येते. सुटका झाल्यावर आयरीन कर्डीला वर आजीच्या खोलीत घेऊन जाते. ती आजीच्या मांडीवर बसलेली, आणि कर्डीला दिसतो रिकामा माळा, एक टब, गवताचा ढीग, सुकलेलं सफरचंद. त्याला वाटतं पोरगी चेष्टा करतेय; चिडून निघून जातो. आयरीन रडते. तेव्हा आजी म्हणते की माणसाला जेवढं मानता येतं तेवढंच तो मानणार, आणि ज्यांना जास्त मानता येतं त्यांनी कमी मानणाऱ्यांशी कठोर होऊ नये.

हे प्रकरण परवा वाचलं. कॅमेऱ्याच्या कडेला भावाचा गुडघा दिसत होता, रोज दिसतो. तो काही बोलला नाही, मीही नाही.

काल वहिनीचा फोन. भाचीने शिवणाच्या मशीनचं पांढरं रीळ घेऊन पलंगाच्या पायापासून स्वयंपाकघरातून गच्चीच्या जिन्यापर्यंत दोरा बांधला. वहिनी दूध घेऊन येताना अडखळली, पातेलं सांडलं. पण त्याआधी बापाचे डोळे ओढणीने बांधून त्याला अख्खा दोरा चालवला होता, जाताना एकदा आणि येताना एकदा.

मी विचारलं, “अगं, पण दोरा मागे जात नाही ना?”

“तो तिचा,” भाची म्हणाली. “हा मशीनचा आहे.”