दातातली चांदी आणि मोरीतला पारा

आमच्या बीडीएसच्या बॅचच्या ग्रुपवर मध्यंतरी नद्यांवरून वाद पेटला होता. मुळा-मुठेवर फेस का येतो, मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं कागदावर किती आणि चालू किती, विसर्जनाचं काय करायचं, सगळं निघालं. मी एवढंच लिहिलं की आपण सगळे दंतवैद्य आहोत, तर आपल्या खुर्चीखालून गटारात काय जातं तेही बोलू या. लगेच एका मैत्रिणीचं उत्तर आलं: "अगं, चांदी आता भरतंय कोण? पेशंट पांढरंच मागतात. तिकडची फॅडं इथे कशाला?" चांदी म्हणजे किडलेल्या दातात भरतात ते पारा मिसळलेलं ॲमलगम, आणि पांढरं म्हणजे दाताच्या रंगाचं कंपोझिट.

तिचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, आणि चार ओळींत उत्तर देण्यासारखाही नाही. म्हणून हे सविस्तर.

मी न्यू जर्सीत प्रॅक्टिस करते. इथे पेशंटच्या तोंडातून सक्शनने ओढलेलं पाणी गटाराला मिळण्याआधी एका डब्यातून जातं. त्याला ॲमलगम सेपरेटर म्हणतात. त्यात मोठी जादू नाही. पाण्याचा वेग मंदावतो, जड कण तळाशी बसतात, काही डब्यांत बारीक कणांसाठी वेगळी गाळणी असते आणि वरचं पाणी पुढे जातं. आयएसओ 11143 या मानकानुसार त्याने किमान 95 टक्के कण अडवले पाहिजेत. त्याच्याही आधी खुर्चीलगत एक छोटी जाळी असते. ती काढली की हातात करडा चिखल येतो: दाताचा चुरा, कंपोझिटची भुकटी, कापसाचे तंतू, आणि मधूनमधून चमकणारे चांदीचे कण. आपण जिला चांदी म्हणतो तिच्यात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या भागात चांदी, कथील आणि तांबं.

आता मैत्रिणीचा मुद्दा. नवी चांदी भरणं कमी झालं हे खरंच. पण गटारात सगळ्यात जास्त कण जातात ते जुनी चांदी काढताना. साठ वर्षांच्या काकांची दाढ कॅपसाठी घासायला घेतली की तीस वर्षांपूर्वीची चांदी एअरोटरखाली, म्हणजे दात घासायच्या यंत्राखाली, भुकटी होऊन पाण्याबरोबर निघते. महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांच्या तोंडांत ही चांदी आहे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठीच्या मिनामाटा कराराच्या देशांनी नोव्हेंबर 2025 मध्ये जिनिव्हात 2034 ही ॲमलगम संपवण्याची मुदत ठरवली. भारताने हा करार 2018 मध्येच मान्य केला आहे. 2034 नंतर एकही नवी चांदी भरली नाही, तरी आधीची निघतच राहणार. म्हणूनच इथला, अमेरिकेतला नियम भरण्याइतकाच काढण्यालाही लागू आहे. जो दवाखाना चांदी भरत नाही आणि अचानक उद्भवलेली एखादी केस सोडली तर काढतही नाही, त्यालाच सेपरेटर माफ आहे, आणि तेही त्याने लेखी कळवल्यावर.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करते. तोंडात नीट बसलेली, न फुटलेली चांदी घाबरून काढून घ्या, असं मी म्हणत नाही. उलट विनाकारण काढू नका. माझा प्रश्न ती निघते तेव्हा कुठे जाते, हा आहे.

शुद्धीकरण केंद्र पारा नष्ट करू शकत नाही, कारण तो मूलद्रव्य आहे. तो बहुतांशी गाळात बसतो. गाळ शेतात खत म्हणून गेला तर मातीत, जाळला तर हवेत. आणि जिथे मैलापाणी प्रक्रियेविनाच नाल्याला मिळतं तिथे तो नदीच्या, खाडीच्या चिखलात. चिखलातले जिवाणू काही पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी हे विषारी संयुग करतात. लहान माशातून मोठ्या माशात जाताना ते साठत जातं. किनारपट्टीवर रोज मासे खाणाऱ्या घरांसाठी ही पुस्तकी गोष्ट नव्हे.

अमेरिकेचं फार कौतुक करावं असंही नाही. जर्मनीत सेपरेटर 1990 च्या सुमारास सक्तीचे झाले. न्यू जर्सीने 2007 मध्ये नियम आणला. सबंध देशाचा नियम यायला 2017 उजाडलं, आणि तोही सरकार बदलताच मागे घेतला गेला. एका पर्यावरण संस्थेने कोर्टात धाव घेतल्यावर जूनमध्ये तो पुन्हा निघाला, आणि दवाखान्यांना जुलै 2020 पर्यंत मुदत मिळाली. युरोपीय संघाने जानेवारी 2025 पासून ॲमलगम जवळजवळ बंद केलं. इथे ते अजून चालतं. बऱ्याच विमा कंपन्या दाढेत पांढरं भरलं तरी पैसे चांदीच्याच दराने देतात, हे पेशंटला समजावताना मला आजही त्रास होतो.

पण इथला डबा जसाच्या तसा नेऊन नाशिकच्या किंवा सांगलीच्या दवाखान्यात बसवला, तर काम होणार नाही. आमच्याकडे बहुतेक सगळं पाणी सक्शनमधून जातं. आपल्याकडे डॉक्टर म्हणतात, "चूळ भरा," आणि पेशंट स्पिटूनमध्ये थुंकतो. काढलेल्या चांदीचा मोठा भाग तिथूनच थेट मोरीत जातो. सेपरेटर फक्त सक्शनच्या नळीवर बसवला तर कागद पूर्ण होईल आणि पारा जात राहील. आपल्याला स्पिटूनची नळीही त्यात जोडावी लागेल. निदान चांदी काढताना तरी मदतनिसाने सक्शन धरून बसलं पाहिजे, आणि चूळ नंतर.

दुसरी अडचण हायपोक्लोराइटची, म्हणजे ब्लीचची. आपल्याकडे जंतू मारायचे म्हटलं की तेच हाताशी येतं, आणि सक्शनच्या नळ्यांतूनही तेच ओतलं जातं. इथे सक्शनच्या नळ्यांत ब्लीच ओतायला मनाई आहे, कारण ते अडकलेल्या कणांतला पारा विरघळवून पाण्यात सोडतं. म्हणजे जाळीने राखलेलं आपणच धुऊन घालवायचं. नळ्यांसाठी पीएच 6 ते 8 मधलं क्लीनर लागतं. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम राबवताना जंतूंइतकाच हाही विचार दवाखान्यांपर्यंत पोचला पाहिजे.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. समजा एखाद्या डॉक्टरने मनापासून करडा चिखल साठवला. पुढे काय? कचऱ्याची गाडी येते, पिवळी पिशवी घेऊन जाते, पिवळी पिशवी भट्टीत जाते. चांदी असलेला काढलेला दातही त्यात गेला की पारा चिमणीतून बाहेर. इथे डबा भरला की सील करून पुनर्प्रक्रियेच्या कारखान्याकडे जातो आणि त्याच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. ही साखळी नसेल तर दवाखान्याला दंडाची भीती घालून काहीही मिळणार नाही. भाडं, ईएमआय आणि मदतनिसाचा पगार सांभाळणाऱ्या एकट्या डॉक्टरच्या माथी हे मारू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात डेंटल कॉलेजांपासून करावी. आम्ही शिकलो तेव्हा खलात पावडर आणि पारा घोटायचो, फडक्यात पिळून जादा पारा काढायचो, आणि टेबलावर घरंगळलेले थेंब कागदाने गोळा करायचो. कॉलेजात एका मजल्यावर खुर्च्यांच्या रांगा असतात, नळ्या एकत्र येतात, म्हणजे एक मोठा सेपरेटर अनेक खुर्च्यांना पुरतो. माल एका जागी आणि भरपूर जमतो, त्यामुळे तो न्यायला कारखान्याची गाडी यायला तयार होते. त्यात चांदीही असते, हे विसरू नका. एक्स-रेचं वापरलेलं फिक्सर, म्हणजे फिल्म धुवायचं द्रावण, त्यातल्या चांदीसाठी विकत नेणारे लोक आपल्याकडे होतेच. शहरातल्या कॉलेजने आसपासच्या छोट्या दवाखान्यांच्या बरण्या घ्यायला सुरुवात केली, तर एकट्या डॉक्टरला घट्ट झाकणाची बरणी आणि महिन्यातून एक फेरी एवढंच करावं लागेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या बरणीला पिवळ्या पिशवीबाहेरची स्वतंत्र वाट लेखी मान्य करावी. ग्रुपवरच्या आपल्यापैकी काही जण आज कॉलेजांत विभागप्रमुख आहेत. त्यांनी तरी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा.