वणवा, जाळरेषा आणि 'चोर' : एका प्रतिक्रियेला उत्तर

वणवा अडवायला गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करतात, ती जाळरेषा. ती वनखात्यानं गावकऱ्यांसोबत काढावी, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर 'डोंगर पेटवणाऱ्यांनाच वणवा रोखण्यात भागीदार करा म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. सॅटेलाइट असताना हे कशाला?' असं तुम्ही लिहिलंत. मतभेद जरूर असावेत. पण पाटण-जावळीतल्या गावंच्या गावं चोर ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? माझं घराणं त्याच डोंगरातलं आहे, तेव्हा हा शब्द मी सोडून देणार नाही.

बहुतेक वणवे माणूसच लावतो, हे मान्य. राखीव जंगलात मनानं काडी ओढणं १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं, तेही मान्य. पण एप्रिलच्या दुपारी सोडलेली आग आणि थंडी सरताना वनरक्षकासमोर काढलेली जाळरेषा एका मापानं मोजता?

जाळरेषेत आधी दोन्ही कडांचं गवत बुडापासून कापून, पाला झाडून माती उघडी करतात. मग दंव जेमतेम सुकलं की मधला पट्टा पेटवायचा, तोही माथ्याकडून खाली आणि वाऱ्याच्या विरुद्ध. खालून लावली तर ज्वाळा वरचं गवत आधीच तापवते आणि आग चढणीला धावते. हिरव्या डहाळीनं विझवताना ती जोरात आपटायची नाही, दाबून धरायची. आपटली की ठिणग्या रेषेपलीकडे. घात होतो तो बहुतेक विझल्यानंतर. वाळलं शेण, पोकळ खोड आतून धुमसत राहतं आणि दुपारच्या वाऱ्यानं पुन्हा पेट घेतं. म्हणून राखेवर पालथा हात धरून धग बघायची, लागली तर उकरून पाणी मारायचं. कुठल्या घळीत वारा कधी फिरतो हे तिथं गुरं राखणाराच सांगतो.

कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा लोक जानेवारी-फेब्रुवारीत पाचोळ्याची हलकी आग लावत, 'तरगु बेंकी'. १९७४ मध्ये अभयारण्य झालं, पुढे ती बंद पडली. घाणेरी माजली आणि आवळ्यावर बांडगूळ वाढलं ते त्यामुळेच, असं सोलिगा सांगतात. त्यांनाही चोरच म्हणणार?

सॅटेलाइटचं म्हणाल तर आग लागल्यावर संदेश येतो. कडा चढून जाणार गावातलाच माणूस.

माझी मागणी तीच आहे. रेषेची जागा आणि दिवस वनखात्यानं संयुक्त वन व्यवस्थापन समितीसोबत (वनखात्याच्या जोडीनं जंगल राखणारी गावाची समिती) ठरवावा, मजुरी हंगामातच द्यावी. यावर काय म्हणायचंय ते लिहा. 'चोर' शब्द पुन्हा आला तर प्रतिक्रिया छापणार नाही.