‘वाहत जायला कसला कोर्स?’ या रिव्ह्यूला लातूरहून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार काल रात्री पाहिला. आमच्या स्कूबा क्लासचा थिअरीचा तास उशिरा सुरू झाला, तुम्हाला बाहेर ताटकळावं लागलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. सरावाच्या टँकची, म्हणजे पाण्याच्या मोठ्या टाकीची, चावी ज्याच्याकडे असते तो वेळेवर आला नाही. वेळेचं आम्ही बघतो.

बाकीच्यावर मात्र बोलणं भाग आहे, कारण तुमच्या रिव्ह्यूला बऱ्याच जणांनी अंगठा दिलाय आणि पुढच्या बॅचला नाव घालतो म्हणणारे एक गृहस्थ आज फोन उचलत नाहीत.

तुम्ही लिहिलंय, "ड्रिफ्ट डाइव्हिंग म्हणजे नुसतं करंटबरोबर वाहत जायचं. त्याला कसला कोर्स? नुसा पेनिडाला (बालीजवळचं बेट) गाइडनं काही न विचारता उतरवलं. लातूरवाल्यांनी साडेतीन हजार उकळले आणि समुद्र दाखवलाच नाही."

आधी समुद्राचं. सर, 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे गाव. इथं स्कूबा शिकवतो म्हटलं की पाहुणेरावळे अजून हसतात. साडेतीन हजार हे थिअरीचे आणि टँकवरच्या सरावाचे, तसं पावतीवर छापलंय. त्यातले निम्म्याहून जास्त टँकचं भाडं आणि सिलिंडर भरण्यात जातात. ड्रिफ्टचं कार्ड, म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा दाखला, समुद्रात दोन डाइव्ह केल्यावरच मिळतं, तेही जिथं कराल तिथल्या इन्स्ट्रक्टरकडून. टँकवर कार्ड वाटायचा धंदा आम्ही करत नाही. उलट मीच तुम्हाला म्हणालो होतो की तुमचं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचा कोर्स, झालंय, नुसत्या ड्रिफ्टच्या कार्डामागं लागू नका, तिकडं गेल्यावर पुढच्या पायरीचा ॲडव्हान्स्ड कोर्स करा. त्यातल्या पाच डाइव्हपैकी एक ड्रिफ्टचा घेता येतो. तो मेसेज अजून माझ्या व्हॉट्सॲपवर आहे. उकळायचेच असते तर गिऱ्हाईक दुसरीकडं कशाला पाठवलं असतं?

आता कोर्स लागतो का, त्याबद्दल. करंट सौम्य असेल, गाइड त्या पाण्यातला जाणता असेल, बोट वरून बुडबुड्यांच्या मागं येत असेल आणि तुम्हाला तरंगण्यासाठी घालतात त्या जॅकेटमधली हवा नीट सांभाळता येत असेल, तर कार्डावाचून काही अडत नाही. हे मी क्लासमध्येही सांगतो, धंद्याला मारक असलं तरी. वाहत जाणं सोपंच आहे हो. अवघड आहे ते सगळ्यांनी एकत्र राहणं आणि वर आल्यावर बोटीला दिसणं. एक नॉटचा करंट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर येताना पाच मीटर खोलीवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे थांबा, घेतला की तेवढ्यात तुम्ही नव्वद मीटर पुढं गेलेले असता. करंट दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो, मग त्याच्या तोंडावर पायातले फिन मारून नुसती हवा संपते. मांजरेच्या पुरात पोहणारा जसा धारेला न भिडता आडवा कापत काठाला लागतो, तसंच तिथं करावं लागतं. खाली ओढणारा करंट लागला तरी तेच, समुद्रातल्या कड्याच्या भिंतीपासून आडवं निघायचं. टँकमध्ये करंट आणता येत नाही हे मान्य. पण तळाला न टेकता एका जागी तरंगणं आणि एसएमबी सोडणं, म्हणजे बोटीला दिसावा म्हणून पाण्याखालून वर सोडायचा तो लांब नारिंगी फुगा, हे दोन्ही टँकमध्येच हाताला बसतं.

आणि नेमका तोच सराव तुम्ही अर्धा सोडून गेलात. पहिल्या वेळी दोरीचा वेढा तुमच्या मनगटाला बसला होता. फुगा वर सुटला आणि तुमचा हात त्याच्यामागं डोक्यावर ताणला गेला, तेव्हा आमच्या पोरानं दोरी सोडवली. स्पूल, म्हणजे दोरीचं रीळ, बोटावर मोकळा फिरू द्यायचा, जॅकेटला अडकवायचा नाही, हे तो तुम्हाला सांगत होता तेवढ्यात तुमचा फोन वाजला. तुम्ही टँकबाहेर गेलात ते परत आलाच नाहीत. रिव्ह्यूत हे कुठं दिसलं नाही.

गाइडनं काही विचारलं नाही हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. रिव्ह्यूसोबतच्या तुमच्याच व्हिडिओत तुम्ही वर येता तेव्हा बोट बोटाएवढी दिसतेय, फुगा कुणाकडंच नाही आणि तुमच्या मागं कुणीतरी शिट्टी मारतंय. ते पाणी पॅसिफिककडून हिंदी महासागराकडं जाणारं आहे. 2014 च्या फेब्रुवारीत त्याच भागात सात जपानी महिला डायव्हर वाहून गेल्या. पाच जणी तीन दिवसांनी जिवंत सापडल्या. त्यांच्यात इन्स्ट्रक्टरही होत्या, म्हणून शिकलं की काही होत नाही असं मी कुणालाच सांगत नाही. पण न शिकता उतरलो आणि काही झालं नाही, म्हणून शिकवणारा लुटारू, हा हिशेब मला पटत नाही.

फीमध्ये काय येतं आणि काय नाही, त्याचा बोर्ड लावायचं चाललंय, बघू. बाकीच्या सुधारणाही हळूहळू करतोच आहोत.

तुमचा राहिलेला सराव केव्हाही येऊन पूर्ण करा, वेगळे पैसे घेणार नाही. फक्त आधी फोन करा, पाणीटंचाई सुरू झाली की टँक बंद असतो. आणि येताना आमचा स्पूल तुमच्या बॅगेत गेलाय का तेवढं बघा. नसेल तर राहू द्या.