लिम्बर्गर, डास आणि सेक्रेटरीकाका

सोसायटीच्या सूचनाफलकावर, पाण्याच्या वेळापत्रकाला खेटून, परवापासून एक कागद झळकतोय : ‘सदनिकेत दुर्गंधीयुक्त पदार्थ तयार करून डासांना आमंत्रण देणे सक्त मना आहे.’ खाली नाव नाही. पण बी विंगमधली शेंबडी पोरंसुद्धा लिफ्टमध्ये मला बघून नाक धरतात, तेव्हा नावाची गरज होती कुठे?

मी घरी चीज करते. मोझरेला केलं, फेटा केलं, तेव्हा कुणाला दुर्गंधी आली नाही. उलट पिझ्झा खायला न बोलावता आले. यंदा लिम्बर्गर करायला घेतलं आणि ग्रह फिरले. पाच लिटर गाईचं दूध, ३२ अंशांवर विरजण, मग दूध साकळवणारं रेनेट. दही लागलं की सुरी घालून बघायचं, चीर स्वच्छ पडली की कापायचं. एवढ्या दुधातून हाती लागतं जेमतेम अर्धा किलो. (रेनेट वासराच्या पोटातलं नव्हतं. आपल्याकडच्या नियमांत चीजला ते चालतच नाही. आधीच सांगितलेलं बरं, कारण तीही चौकशी झाली.) मग ड्राय बाल्कनीतल्या छोट्या फ्रीजमध्ये ठेवून त्याची साल मिठाच्या पाण्याने पुसत बसायची. त्यावर ब्रेव्हिबॅक्टेरियम लिनेन्स नावाचे जिवाणू वाढतात, साल नारंगी आणि चिकट होते, आणि वास सुटतो. या जिवाणूंचे भाऊबंद माणसाच्या पायाच्या बोटांत राहतात, म्हणजे वास कसला ते कळलं असेलच.

फ्रीज चालू असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण पाऊस म्हटला की आमच्याकडे वीज जाते. फ्रीज तापला, वास डक्टमध्ये उतरला आणि दुपारी बेल वाजली. दारात सेक्रेटरीकाका, हातात टॉर्च. मागे पेस्ट कंट्रोलचा पोरगा.

“वहिनी, तुमच्या बाजूला डक्टमध्ये काहीतरी मेलंय.”

“मेलेलं काही नाही काका. चीज आहे.”

“चीज चौकोनी असतं. डब्यात.”

काका निवृत्त होईपर्यंत बँकेत ऑडिटला होते. बघितल्याशिवाय सही नाही. तडक ड्राय बाल्कनीत गेले, फ्रीज उघडला आणि भर दुपारी त्या नारंगी वडीवर टॉर्च मारला. नवऱ्याला नेमकी त्याच वेळी मीटिंग लागली होती, बेडरूमचं दार लावून.

“हे जिवंत आहे?”

“म्हणजे, वर जिवाणू असतात…”

“जिवंत आहे,” काका पोराला म्हणाले. “लिहून घे.”

पोराकडे पेन नव्हतं. त्याने वाकून वास घेतला. “साहेब, उंदीर नाय हा. मेल्या उंदराचा वास गोडूस असतो. हा पायाचा हाय.”

काय नाक! त्याला तिथेच मदतनीस म्हणून ठेवून घ्यावंसं वाटलं. इतक्या दिवसांत लिम्बर्गरचा असा कदरदान भेटला नव्हता, त्यामुळे मी हुरळून सगळं सांगून टाकलं. बार्ट नॉल्स नावाच्या डच संशोधकाने दाखवलं की मलेरियाच्या डासाची मादी माणसाच्या पायाच्या वासाकडे जाते तशीच लिम्बर्गरकडेही जाते. २००६ साली त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला त्यासाठी इग नोबेल मिळालं.

“नोबेल?” काकांनी टॉर्च बंद केला.

“इग नोबेल. ते गमतीचं असतं.”

“पण नोबेल. म्हणजे हे सिद्ध झालेलं आहे.”

“काका, तो ॲनॉफिलिस गॅम्बिये. आफ्रिकेतला. आपल्याकडे नसतोच तो.”

“मग आता येईल की! तुम्ही पान वाढून ठेवलंय.”

“अहो, आपल्याकडे डेंगी पसरवतो तो एडिस. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण—”

“विषयांतर नको, वहिनी.”

आता वासाचंच बोलायचं तर काकांकडे कोकणातून फणस येतात. ते पिकेपर्यंत सगळी विंग खिडक्या लावून बसते आणि जिन्यात भेटलं की “वा काका, काय घमघमाट!” म्हणते. दुसऱ्या मजल्यावर सुकट भाजतात तेव्हा लिफ्टलासुद्धा भूक लागते. आमची कधी तक्रार? फणस गावचा, सुकट घरची, आणि माझं चीज तेवढं बेल्जियमच्या बाजूचं, म्हणून त्याला नोटीस.

बरं, विषयांतर म्हणजे काय? टाकीचं झाकण मागच्या पावसाळ्याआधीच फुटलंय. त्यावर कुणा उमेदवाराचा जुना फ्लेक्स टाकलाय, त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर पाणी साचतं आणि त्यात अळ्या वळवळतात. मी फोटो काढून दिलेत. आमच्याच विंगमधली माणसं डेंगीने ॲडमिट होती, प्लेटलेट्ससाठी रात्री फोनाफोनी झाली. माझ्या अर्जावर उत्तर एकच, “कोटेशन मागवलंय.” चीजला मात्र कोटेशन लागलं नाही. त्याच संध्याकाळी डक्टमध्ये धूर मारला. तो धूर खिडकीच्या फटीतून आत आला, आणि फ्रीज तेव्हा वारा लागावा म्हणून मी उघडा ठेवला होता. आता लिम्बर्गरला पायाचा नाही, डिझेलचा वास येतो. मेंटेनन्सच्या बिलात ‘धूर फवारणी’ म्हणून वेगळी ओळ आहे, ती फक्त माझ्या बिलात. विचारलं, तर “खर्च ज्याच्यामुळे झाला त्याने द्यायचा, साधा हिशोब आहे.” डास अजून आहेतच. दिवसाढवळ्या चावतात, म्हणजे एडिसच असणार, पण त्याला कुणी नोबेल दिलेलं नाही.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. तिची विषयपत्रिका काल दाराखालून सरकवली. विषय क्रमांक ६ : ‘सदनिकेत चीज करण्याबाबत धोरण ठरविणे.’ झाकणाचं विचारायला गेले, तर काका म्हणाले, ते आयत्या वेळच्या विषयांत मांडा, अध्यक्षांनी परवानगी दिली तर.