मामाची पिशवी

मामाच्या लोखंडी कपाटात, कपड्यांच्या घडीखाली साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी आहे. आत एक्स-रे, कानाच्या तपासणीचे कागद, पंचनाम्याची झेरॉक्स आणि फर्स्ट क्लासचा एक पास. पासावरची शाई उडाली, पण मामी तो टाकू देत नाही. कारण भरपाईसाठी गेल्यावर खिडकीवर पहिला प्रश्न तोच आला होता, "त्या दिवशीचा पास आहे का?"

तो दिवस ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. मामा शेजारच्या डब्यात होता. जीव वाचला, कानाचे पडदे गेले. मामी आता त्याला हाक मारत नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावते. पैसे मिळाले, नाही असं नाही. पण एकदाच. कानाचं मशीन मात्र आतापर्यंत तीनदा बदलावं लागलं, तिन्ही वेळा स्वतःच्या खिशातून.

आपल्याकडे अशा मदतीला सरकारी कागदावर 'सानुग्रह अनुदान' म्हणतात. अनुग्रह म्हणजे कृपा. माझा राग या शब्दावर आहे. नागरिकाला वाचवता आलं नाही, तर त्याला सावरणं हे सरकारचं देणं आहे, त्यात कृपा कसली?

दहशतवादाच्या बळींसाठी केंद्राची योजना आहे, पण ती १ एप्रिल २००८ पासूनची. तीन लाख होते, २०१६ मध्ये पाच लाख झाले. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. २००६ ची माणसं त्या तारखेच्या आधीची, म्हणून बाहेर राहिली. १९९३ च्या १२ मार्चला मुंबईच्या स्फोटांत गेलेल्या २५७ जणांची घरंही.

आता बाहेरचं बघा. स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर १९८८ मध्ये विमान बॉम्बने उडवलं, जमिनीवरचे धरून २७० जण मेले. २००३ मध्ये लिबियाने जबाबदारी घेतली आणि प्रत्येक मृतामागे १ कोटी डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं. अमेरिकेने २०१५ मध्ये दहशतवाद पोसणाऱ्या देशांच्या बळींसाठी कायद्याने निधीच उभा केला, आणि त्यात निर्बंध मोडणाऱ्यांकडून वसूल झालेला पैसाही जातो. तिथेही सगळं गोड नाही. दहशतवाद पोसणाऱ्या देशांच्या त्यांच्या यादीत पाकिस्तान नाही. २६/११ ला मारल्या गेलेल्या अमेरिकनांच्या घरच्यांनी न्यूयॉर्कमध्ये आयएसआयवर, म्हणजे पाकिस्तानच्या गुप्तहेर संस्थेवर, दावा लावला, तर २०१२ मध्ये खुद्द अमेरिकी सरकारनेच सांगितलं की आयएसआयला संरक्षण आहे. म्हणजे कुठला देश 'पुरस्कर्ता' ठरवायचा, हे राजकारण ठरवतं. आपल्याकडे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ प्रमाणे परक्या देशावर दावा लावायलाच आधी केंद्राची परवानगी लागते. सीएसटीवर माणूस गमावलेल्या बाईने ती कुठून आणायची?

म्हणून माझं म्हणणं असं की जखमी माणसाचा हक्क या भांडणाला बांधू नका. २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयाने २००६ च्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल, पण मामाचे कान कोणाच्याही निकालाने परत येणार नाहीत. त्याला हवेत आयुष्यभराचे उपचार, कायद्याने, तारखेची अट न घालता.

पैसा कुठून? १९९३ च्या स्फोटांतला फरार आरोपी दाऊद, त्याच्या भेंडी बाजार परिसरातल्या मालमत्तांचा २०१७ मध्ये लिलाव झाला. अशा लिलावाचा पैसा सरकारी तिजोरीत जातो. तो १९९३ च्या घरांसाठी वेगळा का ठेवू नये? याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आजही करता येते. गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते. आरोपी सुटले तरी न्यायालय तशी शिफारस करू शकतं. नव्या फौजदारी संहितेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, हे कलम ३९६ मध्ये आहे. तुमच्या चाळीत, सोसायटीत कोणाच्या कपाटात अशी पिशवी असेल तर मला मेसेज करा. वकिलांना आधी कागद दाखवू, अर्ज लिहायला मी बसेन, सोबतही येईन.