पैसे हातात आले नाहीत, मग टॅक्स कसला?

काका, नमस्कार. तुमचं म्हणणं असं की २०२४ च्या दिवाळीत कोथरूडचा फ्लॅट देऊन बाणेरचं ऑफिस घेतलं, हातात एक रुपया आला नाही, कंपनीही बंद करायला टाकलीये, तरी अदलाबदलीवरही टॅक्स लागतो असं सांगून मी उगाच लोकांना घाबरवतोय. आणि तुमच्या मुलाने न्यू जर्सीत हेच केलं तर त्याला टॅक्स लागला नाही.

मुलाचं आधी. तिकडे अमेरिकेच्या टॅक्स कायद्यात प्रॉपर्टीच्या अदलाबदलीसाठी कलम १०३१ आहे, पण त्यात टॅक्स माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. ४५ दिवसांत नवी प्रॉपर्टी कुठली ते लेखी कळवायचं, जास्तीत जास्त १८० दिवसांत व्यवहार पुरा, रिटर्नसोबत ८८२४ फॉर्म. आपल्याकडे तशी सोयच नाही. तुमच्या व्यवहाराला लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यात ट्रान्सफरच्या (हस्तांतरणाच्या) व्याख्येत विक्रीला लागूनच अदलाबदल लिहिलीये, म्हणजे रोकड येवो न येवो, गेन, म्हणजे झालेला नफा, धरणारच.

आता मुद्द्याचं. तुम्ही "आमचा फ्लॅट" लिहिलंय, पण आमचा म्हणजे तुमच्या नावावर का कंपनीच्या? सगळं गणित तिथेच फिरतं. समजा २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतला आणि मिळालेलं ऑफिस १ कोटी १० लाखांचं. तुमच्या नावावर असेल तर इंडेक्सेशन लावून, म्हणजे महागाईप्रमाणे वाढवून, खरेदी किंमत ८६.९५ लाख होते, उरलेल्यावर २० टक्के म्हणजे ४.६१ लाख. कंपनीच्या नावावर असेल तर हा पर्याय नाही, सरळ ७० लाखांवर १२.५ टक्के, ८.७५ लाख, वर सेस वगैरे आहेच. आणि कंपनीने त्या फ्लॅटवर घसारा (झिजेची वजावट) घेतला असेल तर नफा शॉर्ट टर्म, म्हणजे कमी मुदतीचा, धरतात, ते अजून महाग. (रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दराची, किंमत जास्त निघाली तर ती पण बघावी लागते, हे दस्त करणाऱ्याने सांगितलं असेलच. नसेल तर कठीण आहे.)

कंपनी बंद म्हणजे रिटर्नमधून सुटका, हे तर अजिबात नाही. एसटीके-२ (कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढायचा, म्हणजे स्ट्राइक ऑफचा अर्ज) भरलं तरी त्या वर्षाचा आयटीआर-६, म्हणजे कंपनीचा इन्कम टॅक्स रिटर्न, द्यावाच लागतो, आणि प्रायव्हेट कंपनीकडून टॅक्स वसूल झाला नाही तर कलम १७९ खाली डायरेक्टरच्या मागे लागतात, म्हणजे तुमच्याच.

तेव्हा कपाटातून दोन्ही दस्तांचे इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा) काढा, देणार-घेणार कोण ते बघा आणि नाव स्ट्राइक ऑफ व्हायच्या आत सीएकडे जा. मुलाला फोन नंतर करा.